धनादेश वटला, तरच हक्क सुटला

विशेष प्रतिनिधी

बांधकामाच्या व्यवहारात एक जुना पेच आहे. पैसे देणारा म्हणतो, 'आधी सही करा, मग धनादेश देतो.' काम करणारा म्हणतो, 'आधी धनादेश द्या, मग सही करतो.' दोघांचेही म्हणणे चुकीचे नसते. पैसे दिल्यानंतरही समोरचा माणूस पुन्हा मागणी घेऊन दारात उभा राहील, ही एकाची भीती. सही करून दिल्यावर पैसे मिळालेच नाहीत तर हाती काय उरणार, ही दुसऱ्याची. दोघेही हट्टाला पेटले तर काम ठप्प होते आणि एकाने माघार घेतली तर सगळा धोका त्याच्याच पदरी पडतो.

अमेरिकेतील काही राज्यांनी या पेचावर कायद्यानेच तोडगा काढला आहे. 'कंडिशनल लिएन वेव्हर' हे त्याचे नाव. मराठीत त्याला सशर्त हक्कसोडपत्र म्हणता येईल. 'ही रक्कम माझ्या हाती पडली, तरच तेवढ्यापुरता या मालमत्तेवरचा माझा हक्क मी सोडला असे समजावे,' एवढाच त्याचा आशय. या एका 'तर'मुळे सही आधी झाली काय किंवा पैसे आधी दिले काय, कोणाचेच नुकसान होत नाही. कॅलिफोर्नियात या पत्राचा मसुदाच कायद्यात छापलेला आहे. त्या राज्यात स्थायिक झालेल्या आणि घराचे नूतनीकरण काढणाऱ्या मराठी कुटुंबांचीही कधी ना कधी या कागदाशी गाठ पडते. तो नीट न वाचता सही करणे किंवा न मागताच पैसे देणे, दोन्ही महागात पडू शकते.

कारागिराचा बोजा

हक्कसोडपत्र समजण्यासाठी आधी हक्क कोणता, ते पाहावे लागेल. आपल्याकडे शेतजमिनीच्या सातबारा उताऱ्यावर 'इतर हक्क' या सदरात बँकेचा किंवा विकास सोसायटीचा बोजा चढवलेला असतो. तो उतरल्याशिवाय जमिनीचा व्यवहार सुखासुखी होत नाही. अमेरिकेतील 'मेकॅनिक्स लिएन' हा त्याच जातीचा बोजा आहे. फरक इतकाच, की तो कर्ज देणाऱ्याचा नसून बांधकामावर घाम गाळणाऱ्याचा किंवा माल पुरवणाऱ्याचा असतो. येथे 'मेकॅनिक' म्हणजे मोटारी दुरुस्त करणारा नव्हे. कारागीर हा त्या शब्दाचा जुना अर्थ आहे.

या हक्कामागचा विचार साधा आहे. विटा भिंतीत गेल्या, नळ फरशीखाली गाडले गेले, की त्या परत काढून नेता येत नाहीत. मालाचे आणि मेहनतीचे रूपांतर दुसऱ्याच्या मालमत्तेत झालेले असते. तेव्हा पैसे बुडाल्यास त्याच मालमत्तेतून ते वसूल करण्याचा मार्ग कायद्याने दिला आहे. अशा स्वरूपाचा अमेरिकेतील पहिला कायदा मेरीलँड राज्याने १७९१ मध्ये केला. वॉशिंग्टन ही नवी राजधानी उभी करायची होती आणि पैशांची हमी नसेल तर बांधकाम करणारे पुढे येणार नाहीत, अशी चिंता होती. थॉमस जेफरसन आणि जेम्स मॅडिसन यांनी या तरतुदीला पाठबळ दिले होते. कॅलिफोर्नियाने तर १८७९ च्या राज्यघटनेतच कारागिरांना आणि माल पुरवणाऱ्यांना हा हक्क बहाल केला. तो आजही घटनेत कायम आहे.

या हक्काची खरी धार उपकंत्राटदारांच्या बाबतीत दिसते. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, फरशीचा दुकानदार यांचा करार सहसा मुख्य कंत्राटदाराशी असतो, घरमालकाशी नसतो. तरीही मुख्य कंत्राटदाराने पैसे बुडवल्यास ते घरमालकाच्या घरावर बोजा नोंदवू शकतात. त्यासाठी काम सुरू केल्यापासून किंवा माल पोचवल्यापासून २० दिवसांच्या आत मालकाला, मुख्य कंत्राटदाराला आणि कर्ज देणाऱ्या संस्थेला प्राथमिक सूचना द्यावी लागते. केवळ मजुरीवर काम करणाऱ्यांना ही अट नाही. काम पूर्ण झाल्यापासून ९० दिवसांत बोजा काऊंटीच्या नोंदणी कार्यालयात नोंदवावा लागतो. मालकाने कामपूर्तीची सूचना रीतसर नोंदवली असेल, तर ही मुदत मुख्य कंत्राटदारासाठी ६० दिवसांवर आणि उपकंत्राटदार व पुरवठादारांसाठी ३० दिवसांवर येते. बोजा नोंदवल्यावर ९० दिवसांच्या आत न्यायालयात दावा लावला नाही, तर तो निष्प्रभ ठरतो.

एकाच कामाचे दोनदा पैसे

हा बोजा घरमालकाला कसा भोवतो, ते एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, फ्रीमाँट येथील एका कुटुंबाने स्वयंपाकघर आणि दोन न्हाणीघरे नव्याने करायला काढली. करार १ लाख २० हजार डॉलरचा. पैसे कामाच्या प्रगतीनुसार हप्त्यांनी द्यायचे ठरले. तिसरा हप्ता ३० हजार डॉलरचा होता. त्यापैकी ८ हजार प्लंबरचे आणि ५ हजार फरशीच्या पुरवठादाराचे होते. मालकाने पूर्ण ३० हजारांचा धनादेश मुख्य कंत्राटदाराच्या हाती दिला. त्याने त्या पैशांतून दुसऱ्या कामावरची जुनी देणी भागवली आणि पुढच्या महिन्यात फोन उचलणेच बंद केले.

प्लंबर आणि पुरवठादार यांनी वेळेत सूचना दिली असेल, तर ते १३ हजार डॉलरचा बोजा घरावर नोंदवू शकतात. 'मी तर कंत्राटदाराला पूर्ण पैसे दिले' हा मालकाचा बचाव तेथे चालत नाही. घर विकायचे असो किंवा त्यावर नवे कर्ज काढायचे असो, बोजा आडवा येतो. अखेर मालकाला तेच १३ हजार डॉलर दुसऱ्यांदा मोजावे लागतात आणि मुख्य कंत्राटदाराच्या मागे वसुलीसाठी फिरावे लागते.

अशा प्रसंगी हक्कसोडपत्र कामी येते. मात्र ते केवळ मुख्य कंत्राटदाराकडून घेऊन भागत नाही. ज्या ज्या उपकंत्राटदाराची किंवा पुरवठादाराची प्राथमिक सूचना मालकाला पोचली आहे, त्या प्रत्येकाचे पत्र हवे. अनेक घरमालक ही सूचना म्हणजे कोणी तरी वसुलीची नोटीस धाडली, असे समजून घाबरतात किंवा रागावून फाडून टाकतात. वस्तुतः ती मालकाच्या उपयोगाची यादी असते. आपल्या घरावर बोजा चढवण्याचा हक्क कोणाकोणाला आहे, हे त्यावरूनच कळते.

चार नमुने, दोन प्रश्न

कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेत १ जुलै २०१२ पासून लागू असलेल्या रचनेनुसार हक्कसोडपत्राचे चार नमुने आहेत. त्यांची निवड दोन प्रश्नांवर ठरते. हप्ता मधला आहे की शेवटचा, हा पहिला प्रश्न. पैसे मिळाले आहेत की मिळायचे आहेत, हा दुसरा. मधला हप्ता यायचा असेल तर कलम ८१३२ चा सशर्त नमुना. तो हाती आला असेल तर कलम ८१३४ चा बिनशर्त नमुना. शेवटच्या हप्त्यासाठी याच क्रमाने कलम ८१३६ आणि ८१३८.

सशर्त आणि बिनशर्त यांतील अंतर जमीन-अस्मानाचे आहे. सशर्त पत्र पैसे मिळाल्यावर अमलात येते. बिनशर्त पत्र सही होताक्षणी अमलात येते; मग एक डॉलरही मिळालेला नसला तरी सही करणारा त्याला बांधील राहतो. कायद्याने या धोक्याची सूचना पत्राच्या माथ्यावरच छापणे बंधनकारक केले आहे. बिनशर्त नमुन्यावर सही करणाऱ्याला इशारा दिलेला असतो, की पैसे मिळाले नसतील तर हा नमुना वापरू नका, सशर्त वापरा. सशर्त नमुन्यावरील इशारा मात्र पत्र स्वीकारणाऱ्यासाठी आहे. दावेदाराला पैसे मिळाल्याची खात्री झाल्याखेरीज या कागदावर विसंबू नका, असे तो सांगतो.

या ठरावीक मसुद्यांना बगल देता येत नाही. कंत्राटातच एखादे कलम घुसडून उपकंत्राटदाराचा हक्क आधीच काढून घेण्याचा प्रयत्न केला, तर ते कलम निरर्थक ठरते. 'मालकाकडून मला पैसे मिळाले, तरच मी तुला देईन' अशी अट मुख्य कंत्राटदार पूर्वी सर्रास घालत असत. ही अट म्हणजे मागच्या दाराने हक्क काढून घेण्याचाच प्रकार आहे, असे म्हणत कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ती अवैध ठरवली.

कागदावर काय पाहावे?

सशर्त पत्र जेमतेम एका पानाचे असते, परंतु त्यातील प्रत्येक रकान्याला अर्थ आहे. दावेदाराचे नाव, त्याला काम देणाऱ्याचे नाव, कामाचे ठिकाण आणि मालकाचे नाव हे तपशील सुरुवातीला येतात. त्यानंतर येणारी तारीख सर्वांत महत्त्वाची. कोणत्या दिवसापर्यंतच्या कामाचा हक्क सोडला जात आहे, ते ती सांगते. देयक ३० जूनपर्यंतच्या कामाचे आणि पत्रावर तारीख १५ जुलैची, असे झाले तर मधल्या पंधरा दिवसांच्या कामावरून वाद उद्भवतो. पत्रावरील तारीख देयकावरील तारखेशी जुळते की नाही, हे दोन्ही बाजूंनी पाहून घेणे शहाणपणाचे.

पुढे धनादेश कोण देणार, किती रकमेचा आणि कोणाच्या नावे, हे लिहायचे असते. पत्राची अट या तीन गोष्टींना बांधलेली असते. ३० हजारांऐवजी २० हजारांचा धनादेश आला तर अट पूर्ण झाली असे म्हणता येत नाही. पैसे मिळाल्याचा पुरावा कोणता मानायचा, हेही कायद्याने सांगितले आहे. दावेदाराची सही असलेला आणि बँकेत प्रत्यक्ष वटलेला धनादेश किंवा पैसे मिळाल्याची दावेदाराची लेखी कबुली. नुसता धनादेश हातात ठेवला, म्हणजे पैसे दिले असे होत नाही.

त्याखालचा भाग अपवादांचा. या पत्राने सुटत नाहीत असे हक्क तेथे नमूद केलेले असतात. पहिला अपवाद राखून ठेवलेल्या रकमेचा. काम पूर्ण होईपर्यंत प्रत्येक हप्त्यातून काही टक्के रक्कम मागे ठेवण्याची पद्धत तेथेही आहे. १ जानेवारी २०२६ पासून केलेल्या खासगी बांधकाम करारांत ही रक्कम साधारणतः ५ टक्क्यांहून अधिक राखता येत नाही. चार मजल्यांपर्यंतची निवासी बांधकामे मात्र या मर्यादेतून वगळलेली आहेत. दुसरा अपवाद ज्याचे पैसे मिळालेले नाहीत अशा वाढीव कामाचा. तिसरा, आधी सशर्त पत्र देऊनही न मिळालेल्या हप्त्यांचा. त्यांच्या तारखा आणि रकमा तेथे लिहायच्या असतात. चौथा अपवाद करारातून निर्माण होणाऱ्या हक्कांचा. घाईत हा भाग कोरा सोडला जातो आणि नेमका तिसऱ्या अपवादाचा रकाना रिकामा राहिल्याने पुढे वाद होतात.

हप्त्यांची साखळी

प्रत्यक्षात ही कागदपत्रे साखळीसारखी चालतात. पहिल्या हप्त्याच्या देयकासोबत कंत्राटदार आणि त्याचे उपकंत्राटदार सशर्त पत्रे देतात. मालक किंवा बँक पैसे देते. धनादेश वटतो. दुसऱ्या हप्त्याची मागणी येते, तेव्हा तिच्यासोबत दोन प्रकारची पत्रे येतात. मागच्या, म्हणजे मिळून चुकलेल्या हप्त्याचे बिनशर्त पत्र आणि चालू, म्हणजे मिळायच्या हप्त्याचे सशर्त पत्र. अशा रीतीने प्रत्येक टप्प्यावर मागचा हिशेब बंद होतो आणि पुढचा सशर्त उघडतो. एखाद्या उपकंत्राटदाराचे मागचे बिनशर्त पत्र आले नाही, तर मधल्या मध्ये पैसे अडले असल्याची कुणकुण मालकाला एका हप्त्यातच लागते.

घराच्या नूतनीकरणाच्या बाबतीत कॅलिफोर्नियाचा कायदा घरमालकाला आणखी संरक्षण देतो. कंत्राटदाराला सुरुवातीला १ हजार डॉलर किंवा कराराच्या १० टक्के, यांपैकी जी रक्कम कमी असेल तिच्याहून अधिक आगाऊ घेता येत नाही. नंतरचे हप्तेही झालेल्या कामाच्या किमतीपेक्षा जास्त असू नयेत, असे बंधन आहे. एखाद्या टप्प्याचे पैसे दिल्यानंतर पुढचा हप्ता घेण्यापूर्वी त्या टप्प्याच्या कामाचे बिनशर्त मुक्तिपत्र मालकाला देणे, ही कंत्राटदाराची जबाबदारी आहे. मुख्य कंत्राटदाराने मालकाकडून हप्ता मिळाल्यापासून ७ दिवसांत उपकंत्राटदारांचा वाटा द्यावा, असाही नियम आहे.

उपकंत्राटदारावर विश्वास आहे, पण मुख्य कंत्राटदारावर नाही, अशी स्थिती असेल तर संयुक्त धनादेशाचा मार्ग आहे. तो दोघांच्याही नावे काढला जातो आणि दोघांच्या सहीशिवाय वटत नाही. तो वटला, की त्यावरील सही हाच पैसे पोचल्याचा पुरावा ठरतो.

सही महागात पडते तेव्हा

सर्वच राज्यांत कॅलिफोर्नियासारखी व्यवस्था नाही. कायद्याने नमुने ठरवून दिलेली राज्ये जेमतेम डझनभर आहेत. इतरत्र कंत्राटदार आपापले मसुदे वापरतात आणि त्यांतील शब्दरचनेवर सारे अवलंबून राहते. टेक्सासने २०१२ पासून स्वतःचे नमुने लागू केले. पैसे प्रत्यक्ष मिळाले नसताना बिनशर्त पत्राची सक्ती करण्यास तेथे मनाई आहे.

जॉर्जिया राज्याचा अनुभव मात्र डोळ्यांत अंजन घालणारा आहे. तेथील हक्कसोडपत्रावर सही केल्यानंतर ६० दिवसांत 'पैसे मिळाले नाहीत' असे प्रतिज्ञापत्र दाखल केले नाही, तर पैसे मिळाले असेच कायदा गृहीत धरत असे. २०१९ मध्ये तेथील अपील न्यायालयापुढे एक प्रकरण आले. कंत्राटदाराने बोजाचा आग्रह सोडून केवळ करारानुसार आपले पैसे मागितले होते. परंतु ६० दिवसांत प्रतिज्ञापत्र दाखल न झाल्याने, बोजाच नव्हे तर मूळ येणेही फिटल्याचे मानले जाईल, असा निर्णय न्यायालयाने दिला. काम झाले होते, पैसे आले नव्हते आणि तरीही येणे संपले होते. या निकालाने बांधकाम क्षेत्रात खळबळ उडाली. विधिमंडळाने कायदा बदलला. १ जानेवारी २०२१ पासून हक्कसोडपत्राचा परिणाम बोजा आणि हमीपत्रावरील हक्कांपुरताच मर्यादित करण्यात आला आणि मुदत ९० दिवसांची झाली.

आपल्याकडे काय?

भारतात इमारतीवर कारागिराचा असा बोजा चढवण्याची तरतूद नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १७० कारागिराला मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क देते, पण तो ताब्यात दिलेल्या जंगम वस्तूपुरता. हिऱ्याला पैलू पाडणारा जवाहीर हिरा अडवू शकतो. इमारतीत नळ बसवणारा प्लंबर इमारत अडवू शकत नाही. येथील उपकंत्राटदाराची भिस्त करारावर, लवादावर किंवा न्यायालयावर असते. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर २००६ च्या कायद्यातील ४५ दिवसांच्या मुदतीचा आणि विलंबावरील व्याजाचा आधार त्याला घेता येतो.

बोजा नसला तरी 'आधी सही, मग पैसे' हा पेच मात्र आपल्याकडेही पुरेपूर आहे. मोजमाप झाले, रनिंग बिल निघाले, शेवटचे बिल मंजुरीला गेले, की 'आता आमचे कोणतेही येणे उरले नाही' अशा प्रमाणपत्रावर सही मागितली जाते. पैसे अडलेले असतात, मजुरांची देणी तुंबलेली असतात. कंत्राटदार सही करून मोकळा होतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध बोघारा पॉलिफॅब या विमा दाव्याच्या प्रकरणात अशा प्रमाणपत्रांचा सविस्तर ऊहापोह केला. दडपणाखाली किंवा फसवणुकीने सही घेतली गेली असेल, तर केवळ त्या कागदामुळे लवादाचा दरवाजा बंद होत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. मान्य असलेली रक्कम सोडण्यासाठी वादग्रस्त रकमेवर आधीच पाणी सोडायला लावण्याच्या पद्धतीवरही न्यायालयाने कडक ताशेरे ओढले. तथापि, दडपण होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी सही करणाऱ्यावरच येते आणि त्यात वर्षे जातात.

सशर्त पत्राचे मोल येथेच ध्यानात येते. दडपण होते की नव्हते, याची चिकित्सा करण्याची वेळच ते येऊ देत नाही. रक्कम, तारीख, धनादेश आणि सुटणारा हक्क यांची सांगड कागदावरच घातलेली असते. आपल्याकडच्या व्यवहारात अमेरिकेतील नमुना जसाच्या तसा चालणार नाही. कारण सोडायला तो हक्कच येथे नाही. परंतु रनिंग बिलाच्या पावतीवर सही करताना 'अमुक तारखेपर्यंतच्या कामाचे अमुक रुपये बँकेत जमा झाल्यावरच ही पावती लागू होईल. वाढीव काम आणि राखीव रक्कम यात धरलेली नाही' असे एक वाक्य लिहायला कोणताही कायदा आड येत नाही. समोरच्याला ते वाक्य मान्य नसेल, तर पैसे देण्याचा त्याचा विचार किती पक्का आहे, हे निदान सहीआधी तरी कळते.